आत्याच्या तक्त्यावर माझ्या नूडल्स

आईला माझ्या नूडल्सचा पत्ता व्हिडिओ कॉलवर लागला.

"तुझ्या मागे कपाटात ते काय रचून ठेवलंय?" तिनं विचारलं.

"पुस्तकं," मी म्हणाले.

"पुस्तकांवर वाफाळणारी वाटी छापतात का?"

मी कॅमेरा फिरवला, पण उशीर झाला होता. पाकिटं मी खरंच पुस्तकांसारखी उभी लावली होती. मला वस्तू ओळीत लावलेल्या आवडतात. शिवाय नागपुरातल्या बेसाच्या त्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरातलं एकमेव कपाट ओलं होतं आणि पुस्तकांचं कोरडं.

आई माझ्याशी प्रमाण मराठीत बोलते. मला इंग्रजी शाळेत घातलं तेव्हापासून तिनं ही सवय लावून घेतली आहे. घरात बाकी सगळ्यांशी ती आमच्या भिवापूरच्या बोलीत भांडते, माझ्याशी मात्र भांडतानासुद्धा वर्तमानपत्रासारखी बोलते. त्यामुळे तिचा राग मला नोटिशीसारखा पोचतो. त्या दिवशीची नोटीस अशी होती: मामेबहिणीच्या साखरपुड्याच्या फोटोत माझा चेहरा फुगलेला दिसतोय. (फोटोत मी नेहमी तिसऱ्या रांगेत उभी राहते, म्हणून बिचाऱ्या चेहऱ्यावरच सगळा भार येतो.) त्याचं कारण आता कपाटात सापडलं आहे. पुढच्या आठवड्यात आत्या प्रशिक्षणासाठी नागपूरला येते आहे, ती दहा दिवस माझ्याकडेच राहील. ती अंगणवाडी सेविका आहे, तीस वर्षं लोकांच्या लेकरांची वजनं करते आहे. तिनं जर सांगितलं की या नूडल्सनं तब्येत बिघडली आहे, तर खोली सोडायची आणि घरी यायचं.

"पण माझं काम?" मी म्हणाले.

"लॅपटॉप भिवापूरलाही उघडतो."

हे खरं होतं. मी दुसऱ्यांनी बनवलेल्या ॲपमधल्या चुका शोधायचं काम करते, आणि चुका भिवापूरहूनही तितक्याच दिसल्या असत्या. पण भिवापूरच्या घरात दाराला आतून कडी लावली की पाच मिनिटांत कोणीतरी बाहेरून विचारतं, "बरं नाही का?" बेसाच्या खोलीला दार होतं, कडी होती, आणि ती लावल्यावर कोणी काही विचारत नव्हतं. मला आयुष्यात दुसरं फारसं काही नको होतं. नूडल्ससुद्धा मला चवीसाठी आवडत होत्या असं नाही. त्या एकटीच्या होत्या, एवढंच. पोळ्या कितीही कमी केल्या तरी कोणासाठी तरी उरतात. नूडल्सचं पाकीट उरत नाही.

आत्या तिच्या गावाहून, खाप्याहून आली तेव्हा तिच्या एका खांद्यावर कपड्यांची पिशवी होती आणि दोन्ही हातांत, साडीच्या जुन्या तुकड्यात गुंडाळून बाळासारखा धरलेला, वजनकाटा होता. प्रशिक्षणाला सगळ्यांना आपापला काटा आणायला सांगितलं होतं.

"बसमध्ये एका बाईनं जागा देल्ली मले," आत्या म्हणाली. "तिले वाटलं लेकरू आहे. मी बी बसून गेली. कायले सांगू?"

तिनं काटा माझ्या पलंगावर ठेवला, पाणी प्यायली आणि कपाटापाशी गेली. माझी पाकिटं एकेक करून बाहेर काढली, मोजली नाहीत, नुसती फरशीवर पसरली. मग माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता सुरू होईल. पण आत्या चटईवर बसली, वही काढली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लं, सांग."

नंतर मला कळलं की हा तिच्या कामातला नेहमीचा प्रश्न आहे. ती आयांना असंच विचारते: रागावायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही, फक्त "मग त्याच्यानंतर?" म्हणत राहायचं. मी बोलायची फारशी सवय नसलेली मुलगी. पण समोरचा माणूस रागावत नाही म्हटल्यावर माझ्या तोंडून सगळं बाहेर पडायला लागलं.

"सकाळी चहा आणि टोस्ट."

"मग त्याच्यानंतर?"

"दुपारी नूडल्स."

"मग त्याच्यानंतर?"

"दीड-दोन तासांनी थोडा चिवडा."

"काहून?"

"भूक लागली."

"जेवल्यावर दीड तासात?" तिनं लिहून घेतलं. "मग त्याच्यानंतर?"

मग बिस्किटं होती. मग कोल्ड कॉफी, मग पुन्हा चिवडा, मग संध्याकाळी डाळ-भात करायचा ठरवून केलेल्या नूडल्स, मग रात्री वेफर्स, फरसाण आणि आइस्क्रीम. आत्याच्या वहीचं पान भरलं. मी स्वतः ते उलटं वाचलं तेव्हा मला पहिल्यांदाच दिसलं की नूडल्स त्या यादीत दोनदाच होत्या आणि त्यांच्या मागे लागून आलेली मंडळी मात्र सात होती.

"ह्या नूडल्स काई एकट्या येत नाई तुह्याकडे," आत्या म्हणाली. "वरात घेऊन येतात."

मग तिनं पिशवीतून दंडाचा घेर मोजायची पट्टी काढली. ही पट्टी लहान लेकरांसाठी असते; तिच्यावर लाल, पिवळा आणि हिरवा असे पट्टे असतात. लेकरू कुपोषित असेल तर बाण लाल पट्ट्यावर येतो. आत्यानं ती माझ्या दंडाला गुंडाळली आणि ओढली, पण पट्टीचं टोक खाचेपर्यंत पोचेना.

"आत्या, ही पाच वर्षांपर्यंत असते ना?"

"चूप राह्य." तिनं पुन्हा ओढली. "हिरव्याच्या पार पल्याड गेली वं तू. वहिनीचं खरं आहे म्हणजे."

 पण लगेच तिनं माझी खालची पापणी अंगठ्यानं ओढून पाहिली, नखं दाबून पाहिली, जीभ बाहेर काढायला लावली, आणि तिचा चेहरा बदलला.

"वजन आहे," ती म्हणाली, "पण रक्त नाई अंगात."

म्हणजे आईचं म्हणणं होतं की नूडल्सनं मी जाड झाले. आत्याचं म्हणणं पडलं की नूडल्सनं मी कुपोषित झाले. मला दोन्ही आरोप एकदम कसे लागू होतात हे विचारायचं होतं, पण शिक्षा दोन्हीकडे एकच असल्यामुळे मी जीभ तेवढी आत घेतली. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या लॅबमध्ये तिनं माझं रक्त तपासून घेतलं. रिपोर्टमधल्या हिमोग्लोबिनच्या आकड्याखाली छापलेली रेघ होती, म्हणजे तो कमी होता. आत्यानं पापणी पाहून सांगितलेला अंदाज अर्ध्या आकड्यानं चुकला होता, आणि त्या अर्ध्याबद्दल ती लॅबवर नाराज होती.

त्या संध्याकाळी तिनं माझा वाढीचा तक्ता उघडला.

अंगणवाडीत प्रत्येक लेकराचा एक तक्ता असतो. मुलींचा गुलाबी, मुलांचा निळा. आडवं वय, उभं वजन, आणि मधून जाणारे वाकडे पट्टे. आत्याकडे प्रशिक्षणासाठी आणलेले कोरे तक्ते होते. त्यातला गुलाबी तिनं घेतला. अडचण एवढीच होती की तो पाच वर्षांवर संपत होता आणि मी सव्वीस वर्षांची होते. आत्या जराही डगमगली नाही. तिनं माझ्या भिंतीवरचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर उतरवलं, एक पान उलटं करून तक्त्याच्या वर चिकटवलं, दुसरं उजवीकडे चिकटवलं, आणि माझ्या स्केलनं रेघा पुढे वाढवत नेल्या. मग मला काट्यावर उभं केलं. माझा ठिपका गुलाबी कागदापासून बराच दूर, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला पडला.

"आता रोज सकाळी चहाच्या आधी वजन," आत्या म्हणाली. "नूडल्स बंद. दहा दिवसांत दिसून जाईल खरं काय ते."

माझं काम चाचण्या घेण्याचंच असल्यामुळे मला या चाचणीतल्या चुका लगेच दिसल्या. नूडल्स बंद होणार होत्या, पण त्याबरोबर चिवडाही बंद होणार होता आणि आत्याचा स्वयंपाक सुरू होणार होता. मग जे काही होईल ते कशामुळे झालं हे कसं कळणार? हे मी तिला सांगायचं ठरवलं. मनात दोन-तीन वाक्यं तयार केली. तोवर तिनं पीठ मळायला घेतलं होतं.

पुढचे दिवस मी फक्त जेवले. आत्या सकाळी साडेनऊला प्रशिक्षणाला जायची आणि त्याआधी माझ्या ताटाची व्यवस्था करून जायची. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. आमच्या सोसायटीच्या कुंपणाला शेवग्याचं झाड होतं, तिथून मी वर्षभर रोज गेले होते, आत्यानं पहिल्याच सकाळी त्याचा पाला तोडून आणला आणि वॉचमनला विचारलं, "हे तोडू काय गा?" तेव्हा पाला तिच्या ओच्यात होता.

रात्रीचं जेवण ती समोर बसून वाढायची. तिचा हात गरोदर बायांना वाढायला सरावलेला आहे, तो दोन भाकरींवर थांबतच नाही.

"आत्या, पुरे."

"अर्धीच आहे."

"आत्या, ही आख्खी आहे."

"मंग अर्धी खाय, अर्धी टाकून दे. अन्न टाकतात काय आपल्याकडे? खाय."

जेवणानंतर तिची शिकवणी असायची, पण उलटी. प्रशिक्षणात त्यांना वजनं भरायचं नवं ॲप शिकवत होते आणि आत्याला ते जमत नव्हतं. मी तिला शिकवायचे. सरावासाठी खोटं नाव घालायचं होतं; आत्यानं माझंच घातलं. ॲपनं माझी जन्मतारीख लाल अक्षरांत नाकारली.

"काहून घेत नाई हे तुले?"

"कारण मी बाळ नाही, आत्या."

"मंग किशोरीत टाक."

ॲपनं किशोरीतही घेतलं नाही. गरोदर माता, स्तनदा माता, दोन्ही रकाने आत्यानं माझ्याकडे बघत बघत पुढे ढकलले. "कशातच बसत नाई वं पोट्टी," ती म्हणाली. मला ते ॲप पहिल्यांदाच नीट बनवलेलं वाटलं.

आणि रोज सकाळी माझा ठिपका वर चढत होता.

पहिल्या दोन दिवसांत फरक नव्हता. तिसऱ्या दिवशी दोनशे ग्रॅम. पाचव्या दिवशी पाचशे. नवव्या दिवशी एक किलो दोनशे. नूडल्स न खाता माझं वजन असं वाढत होतं की काट्यावरून उतरताना मला हसू दाबावं लागत होतं. नूडल्स निर्दोष सुटत होत्या! आईचा आरोप आत्याच्याच काट्यावर खोटा पडत होता. मी फक्त गप्प राहून खायचं होतं, आणि या दोन्ही गोष्टी मला जमतात.

एकच गोष्ट मी आईला सांगणार नव्हते. त्या नऊ दिवसांत मला दुपारी झोप येत नव्हती. आधी तीन वाजता स्क्रीनवरची अक्षरं पोहायला लागायची. आता ती जागच्या जागी होती. चिवड्याची आठवणसुद्धा आली नव्हती.

शेवटच्या आदल्या दिवशी आत्याला सुट्टी होती. दुपारी ती दार लोटून पलंगावर पडली आणि दोन तास उठली नाही. उठली तेव्हा बराच वेळ नुसती बसून राहिली.

"काय झालं, आत्या?"

"काई नाई. इथं कोणी आवाज देत नाई ना," ती म्हणाली. "घरी पडली की सून आवाज देते, केंद्रात गेली की चाळीस लेकरं. तीस वर्षांत दुपारची अशी झोपली नव्हती मी." मग तिनं कडीकडे पाहिलं. "बरं आहे वं हे."

 मी चहा केला, आणि नेहमीपेक्षा चांगला केला.

चहा पिताना तिनं नूडल्सचं एक पाकीट मागितलं. "ह्याच्यावर काय लिहिलं, वाच. मले इंग्रजी येत नाई, अन् असंही मुंगीएवढं लिहिलं." मी मागची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचली आणि मराठीत सांगत गेले. मैदा. पाम तेल. मीठ, आणि मसाल्याच्या पुडीत पुन्हा मीठ. प्रथिनं थोडी. लोह जेमतेम. आत्या डोळे मिटून ऐकत होती, जसं कोणाच्या पत्रिकेतले ग्रह ऐकावेत.

"विष नाई हे," ती शेवटी म्हणाली. "पण जेवण बी नाई. पोट भरल्यासारखं करते अन् निघून जाते."

मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणाले, "तुम्ही पण आयांना सरकारी आहाराची पाकिटंच वाटता ना?"

आत्यानं कप खाली ठेवला. मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. मग ती हसायला लागली, इतकी की पदरानं डोळे पुसले. "पाहा, घुमी पोट्टी किती बोलली! वाटतो ना. पण मी पाकीट देऊन घरी नाई जात वं. त्याच्यात काय काय टाकायचं ते चुलीपाशी बसून दाखवतो. उठ."

तिनं माझ्याकडून नूडल्स करून घेतल्या. मसाल्याची पुडी अर्धी फेकायला लावली. त्यात अंडं फोडलं, मूठभर शेवग्याचा पाला, शेंगदाणे आणि थोडा टोमॅटो. वाटीत पाहिलं तर नूडल्स शोधाव्या लागत होत्या. आत्यानं चव घेतली, विचार केला आणि म्हणाली, "तिखट नाई." मग भिवापूरची मिरची-पूड घातली, जी आई दर महिन्याला पाठवते आणि मी कधी उघडलेली नव्हती.

दहाव्या दिवशी सकाळी शेवटचं वजन झालं आणि आत्यानं आईला फोन लावला, स्पीकरवर. मी खिडकीशी उभी राहिले. खोलीचं काय होणार हे आता ठरणार होतं.

"वहिनी!" आत्याचा आवाज आनंदानं फुटत होता. "वाढलं वं! एक किलो चारशे!"

पलीकडे शांतता.

इथे मला एकदम कळलं. आत्यानं तीस वर्षं एकाच गोष्टीसाठी जीव टाकला आहे: लेकराचं वजन वाढावं. ठिपका वर गेला की तिच्या केंद्रात टाळ्या वाजवतात. या दहा दिवसांत आई माझं वजन उतरायची वाट पाहत होती आणि आत्या चढायची, आणि दोघींनी एकमेकींना हे विचारलं नव्हतं.

"वाढलं?" आई शेवटी म्हणाली. धक्क्यानं तिची प्रमाण भाषा सुटली. "नूडल्स बंद करून वाढलं? ताई, मी तुमाले कायले पाठवलं होतं?"

"तब्येत पाहाले."

"मंग आता काय, नूडल्स चालू ठेवायच्या काय?"

हीच माझी वेळ होती. मी तोंड उघडलं, वाक्यही तयार होतं. पण तोवर आत्या बोलायला लागली होती, आणि बरंच झालं. आवाज आता केंद्रातला होता.

"वहिनी, माझ्या हातचं जास्त झालं तिले, ते मी मान्य करतो. मी उद्या जातो, ते उतरून जाईल. पण पोरीच्या अंगात रक्त कमी आहे, अन् ते नूडल्स खाऊन येत नाई. हप्त्यातून दोनदा खाईल, अंडं-पाला टाकून. चिवडा बंद. बाकी दिवस स्वतः रांधील. ते काई भिवापूरले येऊनच होते असं नाई, इथं बी चूल आहे."

"अन् नाई केलं तर? कोण पाहीन?"

"मी पाहीन. माझ्या केंद्रात नाव टाकलं तिचं."

"केंद्रात? सव्वीस वर्षांच्या पोरीचं?"

"वहीच्या शेवटच्या पानावर टाकलं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी खाप्याला येईल, वजन करील, रक्ताचा रिपोर्ट दाखवील. नाई आली तर मी स्वतः तिचं सामान बांधीन." मग माझ्याकडे न पाहता, "कबूल हाय का वं?"

"हो," मी म्हणाले. त्या संपूर्ण फोनमध्ये मी बोललेला हा एकच शब्द.

पहिल्या शनिवारी मी खाप्याला गेले. माझा समज होता की आत्या मला बाजूला नेऊन, दार लावून वजन करेल. केंद्राला एकच खोली होती आणि तिच्या दारात पंधरा आया आणि त्यांची लेकरं रांगेत उभी होती. "लाइनीत ये," आत्या आतूनच म्हणाली. माझ्या पुढे झबल्यातली तीन वर्षांची एक मुलगी होती. ती काट्यावर चढली, आत्यानं आकडा मोठ्यानं ओरडून सांगितला, कोपऱ्यात बसलेल्या मदतनीस बाईंनी लिहून घेतला. दोनशे ग्रॅम वाढले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मग मी चढले. आत्यानं आकडा तितक्याच मोठ्यानं ओरडला. मराठी आकडे मला मनात इंग्रजी करून घ्यावे लागतात, त्यामुळे लाज एक क्षण उशिरा आली. मागच्यापेक्षा एक किलो नऊशे कमी. आईला हे ऐकवलं असतं तर तिनं पेढे वाटले असते.

इथे कोणी टाळी वाजवली नाही. खोलीत तीच शांतता पसरली जी मी फोनवर ऐकली होती, फक्त उलट्या कारणासाठी.

"कमी झालं?" मदतनीस बाई पेन थांबवून म्हणाल्या. "काहून वं बाई, जेवत नाई काय?"

रांगेतल्या एका आईनं मान हलवली. "शहरात एकट्या राहतात, काय खातील."

आत्यानं रक्ताचा रिपोर्ट पाहिला. आकडा थोडा वर आला होता. तिनं त्याच्याखालच्या रेघेवर बोट ठेवून तो दोनदा पाहिला. मग कॅलेंडर चिकटवलेल्या माझ्या तक्त्यावर ठिपका दिला आणि शेजारी बारीक अक्षरांत लिहिलं: "बेसा येथेच राहील." मला ते वाचायला वेळ लागला, पण मी पूर्ण वाचलं.

वजन कमी झालेल्या लेकरांना तिथं शेंगदाण्याचा लाडू देतात आणि तो तिथंच बसून खावा लागतो, घरी नेता येत नाही. मदतनीस बाईंनी मला एक दिला आणि सतरंजीकडे बोट दाखवलं. मी झबल्यातल्या मुलीच्या शेजारी मांडी घालून बसले. पंधरा आया माझ्या तोंडाकडे बघत होत्या. पिशवीत हात घालून मी बेसाच्या खोलीची किल्ली चाचपली, आणि लाडू खायला सुरुवात केली.